दाराआडून उघडलेली मूठ

ज्यांचे सांधे धरले आहेत, ज्यांना कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. औषधातलं मला काही कळत नाही, ते डॉक्टरांनी सांगावं. आखडलेलं अंग पुन्हा हलायला लागतं तेव्हा काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. आणि दुसऱ्याचं अंग हलताना बघून काय वाटतं, तेही. हे दुसरं सुख एवढं मोठं आहे, की आजारपण आठवायला बसले तरी आधी तेच आठवतं आणि मी बसल्या जागी हसायला लागते.

मी मुरुम गावची सून. माहेर लोहाऱ्याचं, मराठी बोलणारं. सासरी धान्याची आडत, घरात सगळं कानडी. लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली भाकरी थापता थापता मी कानडी शिकले. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, सासऱ्यांना मामंजी. मामंजींसमोर बोलायचं नाही, ते आले की पदर ओढून आत व्हायचं, हा घरचा रिवाज होता आणि मला त्याचं काही वाटत नसे.

निजामी अंमल होता, दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, रॉकेल मिळायची मारामार होती. माझी मुलगी नुकती भिंतीला धरून पावलं टाकायला लागली होती, तेव्हा मला ताप आला. ताप गेला, पण जाताना सांधे घेऊन गेला. मनगटं सुजली, गुडघे सुजले, मग खांदे धरले. निऱ्या घालता येईनात. मुलगी हात पुढं करायची आणि मला तिला उचलता यायचं नाही. थोड्या दिवसांनी तिनं हात पुढं करायचं सोडून दिलं. ती सरळ आत्याबाईंकडं जायला लागली. सगळ्या दुखण्यात ते दुखणं वरचढ होतं.

नात्यातल्या बायका भेटायला यायच्या आणि दारातच आत्याबाईंना म्हणायच्या, "पोरगं तरणंताठं हाय तुमचं. असं किती दिस चालायचं?" मला सगळं ऐकू यायचं. कान काही धरले नव्हते. आत्याबाई कुणालाच उत्तर द्यायच्या नाहीत, आणि त्या गप्प बसतात याचीच मला जास्त भीती वाटायची.

शेवटी आमचे मालक म्हणाले, "धाराशिवला नेतो."

*

कागदावर उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. तिथं बायकांसाठी एक लहानसा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई हैदराबादकडच्या, दखनीत बोलायच्या. त्यांनी माझा एकेक सांधा हातात घेऊन बघितला. दुखलं की त्यांचाच चेहरा आखडायचा. मग त्या मालकांकडं वळून म्हणाल्या, "गठिया है. बुखार तो गया, पन जोड अकड गए. हिलाए नै तो ऐसेच रह जाते."

मालकांनी माझी चादर सारखी केली. मग मला म्हणाले, "बरं होईल म्हणतात."

दखनी मला फार येत नव्हती. पण 'ऐसेच' कळायला फार यायची गरजही नव्हती. मी छताकडं बघत पडले. ऐसेच. अशीच. मुलगी मोठी होईल, तिचं लग्न होईल आणि मी अशीच. रडू आलं तेव्हा डोळे पुसायला हातसुद्धा वर जाईना. मालकांनीच पुसले, तेही चोरून, कुणी बघत नाही असं बघून.

पुढं कधीतरी माझ्या ध्यानात आलं, की बाईंच्या वाक्यात आधी 'हिलाए नै तो' होतं. न हलवले तर. भीतीनं मी नेमका तेवढाच तुकडा गाळला होता. ज्यांना आज डॉक्टर काहीतरी सांगतील त्यांना माझं सांगणं आहे, की वाक्य पुरतं ऐका. नाही ऐकू आलं तर पुन्हा विचारा.

*

दवाखान्यातला दिवस ठरलेला असे. सकाळी डॉक्टरीणबाईंची फेरी, मग तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीनं शेक. प्रत्येकीच्या घरचं माणूस मागच्या अंगणात तीन दगडांवर कण्या शिजवी. दुपारभर माश्या. माझ्याबरोबर माझी आई येऊन राहिली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईची मोठी बहीण रोज संध्याकाळी आपल्या बहिणीची वेणी घालून झाली की न विचारता माझीही घालायची. बोटं अशी हलकी, की डोक्याला कळायचंही नाही. ही असली सुखं मी मोजत नसे, पण वाट बघत असे.

आणि शिष्टरबाई होत्या. सगळ्या त्यांना शिष्टरबाईच म्हणायच्या, नाव सुशीलाबाई. नगरकडच्या ख्रिस्ती. लढाईत जखमी झालेल्या शिपायांना पुन्हा हातपाय हलवायला शिकवायचं काम त्या पुण्याला एका मडमेकडून शिकून आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी त्या स्टूल ओढून माझ्या खाटेशी बसल्या. "नीलव्वा, उजवा हात वर करायचा नाही."

"मग काय करायचं?"

"करायचा विचार करायचा. आणि खांद्यामागं काय होतं ते मला सांगायचं."

मला वाटलं, थट्टा करतात. पण त्या वाट बघत बसल्या होत्या, म्हणून डोळे मिटले. हात वर करायचा आहे असं मनात आणलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा दात आवळले गेले. शिष्टरबाई म्हणाल्या, "दातांनी हात उचलत नाहीत." मी दात सोडले. मग पाठीमागं, खवाट्याच्या हाडाखाली, गादीवर काहीतरी सरकलं.

"हललं," मी म्हणाले.

"किती?"

"तांदळाएवढं."

"बास. आज तांदळाएवढंच."

त्या उठून गेल्या. तांदळाएवढं! मला तर ते अख्ख्या वॉर्डाला सांगावंसं वाटत होतं. खांदा मेला नव्हता. तो आत जागा होता, कुणी हळू आवाजात हाक मारायची वाट बघत होता. त्या दुपारी आईनं कण्या भरवल्या तेव्हा मी म्हणाले, "आणखी वाढ." कितीतरी दिवसांनी.

अर्थात उतावळेपणाही केला. दुसऱ्या दिवशी शिष्टरबाईंची पाठ वळताच मी तेच पुन्हा पुन्हा करत राहिले, तांदळाचा शेर करायला निघाले. खांदा सुजून आला. मी बोलणी खायच्या तयारीत होते, पण त्या खांद्यावर नुसता हात ठेवून म्हणाल्या, "सांध्याला हुकूम चालत नाही, लाड चालतात. उद्या करायला हौस उरली पाहिजे, एवढंच आज करायचं." हे वाक्य मी आजवर कितीजणींना सांगितलं असेल, देव जाणे.

नेम असा होता. आधी चांगली बाजू हलवायची, मग तिच्याकडून दुखऱ्या बाजूनं शिकायचं. श्वास कोंडायचा नाही. दुखायच्या अलीकडं थांबायचं. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. याच रस्त्यानं मी कुशीवर वळायला लागले, मग बसायला, मग खाटेचा कठडा धरून उभी राहायला. पहिल्यांदा माझ्या हातानं माझ्या केसांना फणी लावली, त्या दिवशी शेजारच्या बाईची बहीण म्हणाली, "आता माझं काम सुटलं म्हण की." म्हणाली खरं, पण वेणी तिनंच घातली.

*

आता खरी गोष्ट.

उमरग्याकडच्या एका खेड्यातून गौरव्वा नावाची बाई आली. आईच्या वयाची. कडब्याच्या गंजीवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण तोवर गुडघा लाकूड झाला होता. तिला कानडीशिवाय एक अक्षर येत नव्हतं आणि शिष्टरबाईंना कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. खुणा करून करून दोघी थकल्या. शेवटी शिष्टरबाईंनी मला हाक मारली. "नीलव्वा, तिला सांग, गुडघा हळूच वाकवा."

मी गौरव्वाच्या खाटेशी बसले. "अव्वा, मेल्लगे," मी म्हणाले. मेल्लगे म्हणजे हळूच. बरोबर सांगितलं होतं. पण गौरव्वा जन्मभर शेतात राबलेली. काम सांगितलं की कंबर बांधून भिडायचं, एवढंच तिला माहीत. तिनं श्वास कोंडला, गादी मुठीत धरली, पाय हिसकला आणि "अय्यो" म्हणून डोळ्यांत पाणी आणलं.

शब्द कानात गेला होता, पायापर्यंत पोचला नव्हता. मी तिच्याकडं बघत राहिले. ही घरी हळू काय करत असेल? भांगलण नाही, दळण नाही, पाणी शेंदणं नाही. मग एकदम सुचलं आणि विचार करायच्या आत मी बोलून गेले. "अव्वा, असं समज, नातू तुझ्या मांडीवर झोपलाय. आता कुठं डोळा लागलाय त्याचा. त्याला जाग न आणता मांडी काढून घ्यायची हाय."

गौरव्वाचा चेहराच बदलला. कपाळावरची आठी गेली, ओठ सैल पडले, खांदे खाली आले. टाच गादीवरून आवाज न करता सरकली. गुडघा वर आला. थोडाच, पण आला. तिनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं फार वर्षांनी कुणी नातलग दारात उभं राहावं. मग हळूच म्हणाली, "निजला हाय अजून. उठला न्हाय."

वॉर्डातल्या ज्यांना कानडी कळत होतं त्या सगळ्या हसल्या. ज्यांना कळत नव्हतं त्या त्यांचं बघून हसल्या. माझ्या हातापायांतून मुंग्या धावल्या, आणि त्या आजाराच्या नव्हत्या.

शिष्टरबाईंनी विचारलं, "काय सांगितलंस तिला?" मी सांगितलं. त्यांनी गौरव्वाचा गुडघा पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाल्या, "उद्यापासून तू सांग. मी शेजारी उभी राहते."

*

शिकवायला शिकणं हे बरं होण्याइतकंच अवघड निघालं, पण गंमत त्याच्या कितीतरी पट. शिष्टरबाई दुपारी रिकाम्या खाटेवर स्वतः आडव्या व्हायच्या आणि मी त्यांना शिकवायचं. त्या मुद्दाम चुका करायच्या. कधी श्वास कोंडायच्या, कधी पायाऐवजी मान ताठ करायच्या. मी गुडघ्याकडं टक लावून बसायची आणि फसायची.

"गुडघ्याकडं काय बघतेस? तोंडाकडं बघ. अंग खोटं बोललं की आधी तोंडावर दिसतं."

"बरं."

"आणि तू फार बोलतेस. एकदा सांगितलं की गप्प बस. तुझं संपल्यावर तिचं सुरू होतं."

गप्प बसणं मला सगळ्यांत जड गेलं. हात कसा लावायचा तेही शिकले. तव्यावरची भाकरी भाजली का बघताना बोट लावतो ना, तेवढाच भार. धरायचं नाही, ढकलायचं नाही, नुसतं सोबत असायचं.

मी काठी घेऊन एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडं जायची. कुणाला मनगट, कुणाला मान. प्रत्येकीसाठी वेगळं बोलणं शोधावं लागे. विणकराच्या बायकोला एक, तेलिणीला दुसरं. आज कुणाला काय सांगावं याचा विचार करत मी पहाटेच जागी व्हायची, सणाला जाग येते तशी. एकदा फेरीच्या वेळी डॉक्टरीणबाई माझ्या मागं उभ्या राहून बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "अच्छा पढाते तुम." मला तेव्हा सहीपुरतंच लिहिता येत होतं, आणि मी पढवते म्हणे! त्या दिवशी मी आईला तेच वाक्य इतक्यांदा म्हणून दाखवलं, की ती म्हणाली, "कळलं की गं बाई, आता जेव."

घरी न्यायला मालक आले तेव्हा मी दवाखान्याच्या दारापर्यंत चालत गेले. ते गाठोडं घेऊन शेजारून चालत होते. मोटारीच्या वाटेवर, समोर बघतच म्हणाले, "चुलत्यांनी मला एक स्थळ आणलं होतं. मी न्हाय म्हणून सांगितलं."

मला अंदाज होताच. पण त्यांनी तोंडानं सांगितलं हे बरं झालं. मी म्हणाले, "बरं केलं." आणि आम्ही मोटारीत बसलो.

*

घरी मी रोज सकाळी मागच्या खोलीत सतरंजीवर आडवी होऊन माझे नेम करायची. मुलगी शेजारी पडून माझी नक्कल करायची आणि मी तिला पोटावर घ्यायची. आत्याबाई दारातून बघून म्हणायच्या, "पडून करायचं त्याला काय काम म्हणायचं?" पण त्या वेळी कुणाला आत येऊ देत नसत. त्या गप्प होत्या तेव्हाही माझ्याच बाजूनं होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

सुगी संपली आणि एका सकाळी आडतीतच मामंजींची डावी बाजू गेली. माणसांनी उचलून घरी आणलं. वैद्यांची तेलं झाली. तोंड सावरलं, बोलणं सावरलं, पण पाय ओढायचा आणि डाव्या हाताची मूठ घट्ट मिटून राहिली.

आम्ही लिंगायत. रोज अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, त्याआधी अन्न नाही. मामंजींनी आयुष्यात हा नेम मोडला नव्हता. आता आत्याबाई आपल्या तळहातावर त्यांचं लिंग धरायच्या आणि ते उजव्या हातानं भस्म, बेल वाहायचे. पण मग ताटावर बसून दोन घास खायचे आणि ताट सारायचे. "हात माझा न्हाय, पूजा माझी कशी?" असं म्हणायचे. आडतीत पोती तोलणारा माणूस आमच्या डोळ्यांदेखत वाळत चालला.

मी चुलीपाशी आत्याबाईंना म्हणाले, "मला येतं ते शिकवून बघू का?"

त्यांनी पीठ मळता मळता मान वर केली. "तू मामंजींच्या हाताला हात लावणार?"

"मी न्हाय. तुम्ही लावायचा. मी दाराआड बसून सांगते."

"ते तुझं कसं ऐकतील?"

"तुमचं ऐकतील की."

"माझं?" आत्याबाई म्हणाल्या. "माझं बापजन्मी ऐकलं न्हाय." पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच मला दाराआड पाट मांडून दिला.

आता बघा माझी अडचण. शिष्टरबाईंनी शिकवलं होतं तोंड बघायचं, आणि मला तर काहीच दिसत नव्हतं. नुसती खाटेची सुंभं करकरताना ऐकू येत होती. मी डोळे मिटून घेतले आणि कानांनी बघायला लागले. बोलणं कानडीत चाललं होतं, इथं मराठीत लिहिते.

"आत्याबाई, मामंजींना सांगा, उजवी मूठ मिटायची आणि उघडायची. सावकाश."

"ऐकलं का, उजवी."

खाट करकरली. श्वास ऐकू येईना. मी विचारलं, "श्वास कोंडलाय का?"

जरा वेळानं मामंजींचा आवाज आला, आत्याबाईंना उद्देशून. "तिला सांग, कोंडला होता. सोडला."

मी दाराआड तोंडावर पदर दाबून हसले. ऐकत होते. मामंजी ऐकत होते.

पुष्कळ दिवस नुसता उजवा हात चालला. मग डावा कोपर उशीवर, खाली आत्याबाईंचा हात. कोपर सैल पडला, मनगट सैल पडलं, मूठ मात्र तशीच. गौरव्वाला सांगितली ती मांडी इथं चालणार नव्हती. या हातानं कधी पोर निजवलं नव्हतं. मग या हाताला काय ठाऊक? मी आडतीतला त्यांचा हात आठवला. पोत्यात हात घालायचा, मूठभर जोंधळा तळव्यावर पसरायचा, अंगठ्यानं फिरवायचा, आणि न बघता भाव सांगायचा.

मी सुपातून मूठभर जोंधळा आत दिला. "आत्याबाई, उजव्या हातावर ठेवा. पारखायला सांगा."

उजव्या हातानं पारखला. "आता तेच दाणे डाव्या मुठीत, बोटांच्या फटीतून, थोडे थोडे. आणि म्हणावं, उघडायची न्हाय. नुसतं आत काय हाय ते बघायचं."

दाणे जमिनीवर सांडल्याचा आवाज आला. पहिल्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशीही. मी रोज सांगायची आणि गप्प बसायची, ओठ दाबून. मग एका दुपारी दाणे सांडल्याचा आवाज आलाच नाही. खाट करकरली नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता, लांब, सैल. आणि मामंजी म्हणाले,

"हा जोंधळा मागल्या सालचा हाय."

मी न राहवून विचारलं, "आत्याबाई, काय झालं?"

"अंगठा," त्या म्हणाल्या. "अंगठा फिरवतायत गं. डाव्या हाताचा. मूठ उघडलीय."

जोंधळा मागल्या सालचाच होता. जमिनीतल्या पेवात साठवलेला. मी दाराला टेकून बसले. उठून नाचावं, सगळ्या मुरुमला ओरडून सांगावं, धाराशिवला धावत जाऊन शिष्टरबाईंना सांगावं, असं सगळं एकदम वाटत होतं. त्यातलं काहीच न करता मी म्हणाले, "आजच्यापुरतं बास म्हणावं."

*

त्यानंतर तळहात पुरता सपाट व्हायला बराच काळ गेला. ज्या सकाळी आत्याबाईंनी लिंग मामंजींच्या डाव्या हातावर ठेवलं, त्या सकाळी त्यांनी आपली ओंजळ खाली धरली होती, न टेकवता. हे मला त्यांनीच मागून सांगितलं. मी नेहमीच्या जागी दाराआड होते. मालक अंगणातून आत येऊन उभे राहिले होते. भस्माचा वास आला, बेलाचं पान ठेवल्याचा बारीक आवाज आला. पूजा पुरी झाली. मामंजी ताटावर बसले आणि दुसऱ्यांदा भाकरी मागितली.

जेवण झाल्यावर हाक आली. "नीलव्वा."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. काही हवं असलं तर "आत कोण हाय" म्हणायचे. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दाराआडूनच म्हणाले, "जी."

"हात झाला. आता पायाचं सांग. मला आडतीत जायचं हाय."

मी पदर सावरला, दाराआडून उठून उंबऱ्याशी येऊन बसले, आणि सांगायला लागले.